डिफ्रॅग करण्यापूर्वी
(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या गच्चीवर सभासदांसमोर केलेले भाषण)



नवीन पनवेलला आपण राहायला आलो तेव्हा सोसायटीचा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वहीत होता. आज तो कॉम्प्युटरवर आहे. घराघरांतही कॉम्प्युटर आले आणि त्याबरोबर एक तक्रार आली : "काका, फार स्लो झालाय हो!" त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे डिफ्रॅग करा. मीही हा सल्ला पुष्कळांना दिलाय. आज त्यातली माझी चूकही सांगणार आहे.

आधी डिफ्रॅग म्हणजे काय ते बघू. हार्ड डिस्कमध्ये एक चकती मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि एक दांडी तिच्यावरून पुढेमागे सरकत वाचते. आपण फाइल पुसली की तिथे मोकळी जागा पडते. पुढची मोठी फाइल एका जागेत मावली नाही की तिचे तुकडे करून अशा फटींत बसवतात. कल्पना करा, एखाद्या सभासदाला हॉल ए विंगमध्ये, स्वयंपाकघर सी विंगमध्ये आणि संडास स्टेशन ओलांडून जुन्या पनवेलमध्ये दिलाय! (हशा) पत्ता रजिस्टरमध्ये बरोबर आहे, घर हरवलेलं नाही, पण माणूस धावून धावून थकणार. दांडीचंही तेच होतं. एका उडीला साधारण दहा-बारा मिलिसेकंद लागतात. पाचशे तुकडे असले तर पाच-सहा सेकंद नुसत्या धावपळीत गेले. डिफ्रॅग हे तुकडे उचलून शेजारी शेजारी लावतं, एवढंच. ते व्हायरस काढत नाही, जागा वाढवत नाही आणि बिघडलेली डिस्क दुरुस्त तर मुळीच करत नाही.

हे शेवटचं मला ठाऊक नव्हतं. मी खजिनदार होतो आणि हिशेब माझ्या घरच्या मशीनवर होता. ते मशीन रखडायला लागलं. मधूनच डिस्कमधून टक् टक् आवाज यायचा. मला वाटलं, तुकडे झालेत. दिवसा भारनियमन असायचं, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर डिफ्रॅग लावलं. लाल पट्ट्या निळ्या होताना बघायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू! सकाळी उठून बघतो तर पडदा काळा. डिस्क आधीच मरायला टेकली होती, आणि मी तिला रात्रभर सगळा संसार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायला लावलं होतं.

चौदा महिन्यांचा मेंटेनन्सचा हिशेब गेला. ४८ फ्लॅट, म्हणजे ६७२ पावत्या. स्थळप्रती होत्या म्हणून वाचलो. तीन रविवार पाच जणांनी बसून सगळं पुन्हा भरलं, कुणी मला एक शब्द बोललं नाही. पण ताबा मिळाला त्या दिवसाचे फोटो मी स्कॅन करून ठेवले होते, ते गेलेच. मूळ फोटो ज्यांचे होते ते फ्लॅट विकून गावी गेले. आपल्या स्मरणिकेत त्या दिवसाचा एकच फोटो का आहे, असं परवा कुणीतरी विचारत होतं. कारण मी आहे.

म्हणून आता माझा क्रम असा. आधी कॉपी : पेन ड्राइव्हवर, सीडीवर, काहीही चालेल, पण त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर नको. चकती एकच असते, ती गेली की दोन्ही गेले! मग आवाज ऐका. टक् टक् येत असेल तर डिफ्रॅगला हात लावू नका, डिस्क बदला. आवाज नसेल तर एक्सपीवर माय कॉम्प्युटरमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स. तिथे 'चेक नाऊ' वर आहे, ते आधी करा. 'डिफ्रॅगमेंट नाऊ' त्यानंतर. एक्सपीला निदान १५ टक्के जागा मोकळी लागते, तेव्हा जुने सिनेमे आधी काढा. 'अ‍ॅनलाइझ' दाबलं की गरज आहे की नाही ते तोच सांगतो. नाही म्हणाला तर सोडून द्या, रोज करायचं हे काम नव्हे. विंडोज ७ मध्ये तर ते बुधवारी पहाटे १ वाजता आपोआप लावलेलं असायचं.

आणि नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर डिफ्रॅग करूच नका. तिच्यात ना चकती, ना दांडी. तुकडे कुठेही असले तरी वाचायला अडत नाही. उलट, तिच्यावर लिहायच्या वेळा मोजक्या असतात, त्या फुकट खर्च होतात.

सोसायटीच्या हिशेबाची कॉपी आता दर महिन्याला दोन पेन ड्राइव्हवर होते. एक ऑफिसच्या कपाटात असतो, दुसरा सेक्रेटरींच्या घरी. आणि ताब्याच्या दिवसाचा एखादा फोटो तुमच्या अल्बममध्ये असेल तर रविवारी सकाळी ऑफिसात घेऊन या. स्कॅन करून मूळ फोटो तुमच्यासमोर परत देतो.