अंगण आधीच वाकडं

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण नाच फसल्यानंतरची. दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात काहीजण अंगण नाचाआधीच वाकडं करून ठेवतात.

यूपीएससीच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून आलेली कितीतरी मुलं इथे राहतात. उन्हाळ्यात प्रिलिम्स, म्हणजे पूर्वपरीक्षा, जवळ आली, की टपरीवर ठरलेली वाक्यं कानावर पडतात. ‘यंदा नुसता अंदाज घ्यायला देतोय.’ ‘टेस्ट सिरीज लावलीच नाही रे.’ कुणी तर आदल्या रात्री खरोखरच वेब सिरीज बघत जागतो. नापास झाला, तर दोष जागरणाचा. पास झाला, तर जागरण करूनही पास! दोन्हीकडून अब्रू शाबूत.

ही खोड 1978 साली अमेरिकेत स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगात पकडली. काही विद्यार्थ्यांना त्यांनी बहुतांशी न सुटणारी कोडी दिली आणि वर ‘छान सोडवलीत’ म्हणून शाबासकीही दिली. पुढच्या चाचणीआधी दोन औषधं समोर ठेवली. एकाने डोकं तल्लख होतं, दुसऱ्याने मंदावतं, असं सांगितलं. आपण जिंकलो कसे हेच ज्यांना उमगलं नव्हतं, त्यांच्यातले, विशेषतः मुलगे, डोकं मंदावणाऱ्या औषधाकडे वळले.

म्हणजे पुन्हा न जमण्याची भीती कौतुकातून आली होती. जिल्ह्यात पहिला आला म्हणून ज्याचा चौकात फ्लेक्स लागला, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता यूपीएससीचा नियम बघा. प्रिलिम्सचा एक जरी पेपर दिला, तरी अटेम्प्ट मोजला जातो. खुल्या प्रवर्गाला असे अटेम्प्ट सहा. 2023 मध्ये अर्ज आले 10,16,850 आणि परीक्षेला बसले 5,92,141. न आलेले सव्वाचार लाख सगळे भित्रे, असं मुळीच नाही. कुणाला नोकरी लागली असेल, कुणी आजारी असेल. अभ्यास अपुरा असताना अटेम्प्ट राखणं तर शहाणपणाचंच. पंचाईत एवढीच, की ‘अटेम्प्ट वाचवतोय’ हे वाक्य हिशेबी मुलाच्या आणि घाबरलेल्या मुलाच्या तोंडी अगदी सारखं येतं. हिशेबी मुलगा सराव परीक्षेचे कमी गुण उघडून बघतो, घाबरलेला ती परीक्षाच देत नाही. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 32 वर्षांची, ती दोघांनाही सारखीच.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी घरून फोन येतो. ‘पेपर दिलाच नाही, पुढच्या वर्षी पूर्ण तयारीनिशी देतो,’ हे उत्तर तयार असतं. आई ‘जेवलास का?’ विचारते आणि पुढच्या महिन्याचं भाडं पाठवते.