पाळीव मांजरांची खाज : कारणे व उपाययोजना



वसईच्या किनारपट्टीवर मांजर हे हौसेने पाळण्याचे जनावर अलीकडे झाले. त्यापूर्वी ते घरच्या कामाचे जनावर होते. अर्नाळा, किल्लाबंदर, पाचूबंदर, नायगाव येथील कोळ्यांच्या घरी जाळी व सुकी मासळी, तर पश्चिमेकडील वाड्यांमध्ये धान्य व बियाणे उंदरांपासून वाचवावे, एवढ्यासाठी ते असे. त्याचे अंग खाजते की नाही याची विचारपूस सहसा कोणी करीत नसे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि या काळात विरार-नालासोपाऱ्याकडे इमारतींची दाटी वाढत गेली. आज तेथील मांजर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते व मुलांच्या अंथरुणात झोपते. साहजिकच त्याच्या कातडीचा प्रश्न हा घरातल्या माणसांचाही प्रश्न होऊन बसतो.

पुढे जे घडते ते बहुतेकांच्या परिचयाचे आहे. मांजराचे केस गळू लागतात, मानेवर खपल्या धरतात. कोणी रॉकेल चोळण्यास सांगतो, कोणी फिनेल घातलेल्या पाण्याने धुण्यास. कोणी शेजारच्या कुत्र्यासाठी आणलेली पावडर देतो. गुण येत नाही. मुलांना संसर्ग होईल या धास्तीने शेवटी एके रात्री मांजर पोत्यात घालून मासळीबाजाराजवळ सोडले जाते. वास्तविक खाज हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे सामाईक लक्षण होय, आणि यांपैकी बहुतेक रोग आटोक्यात ठेवता येण्याजोगे आहेत. कारण न शोधता औषध लावणे, हीच या प्रकरणातील मूळ चूक आहे.

मांजराची खाज ओळखणे हेही वाटते तितके सोपे नाही. कुत्रा चारचौघांत पाय झाडून खाजवतो. मांजर मात्र अनेकदा कोपऱ्यात बसून अंग चाटत राहते, आणि घरच्यांना ते स्वच्छताप्रिय वाटते. त्याची जीभ खरखरीत असल्याने सतत चाटण्याने पोटावरचे व मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस दोन्हीकडे सारखेच नाहीसे होतात. केस आपोआप गळले की चाटून तुटले, हे पशुवैद्यक केसांची टोके सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगू शकतो. पाठीवरून हात फिरवताना बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या हाताला लागणे, ओठावर किंवा पोटावर लालसर ओला चट्टा उमटणे, केसांचे पुंजके वारंवार ओकून पडणे, हीदेखील खाजेचीच चिन्हे असू शकतात.

खाजेच्या कारणांमध्ये पहिला मान पिसवांचा. पिसू चावताना तिची लाळ कातडीत उतरते आणि काही मांजरांना त्या लाळेचीच ॲलर्जी असते. (ॲलर्जीला ‘अधिहर्षता’ असा शब्द परिभाषेत आहे, पण तो कोशातच राहिला आणि लोकांच्या तोंडी ॲलर्जी हाच शब्द रुळला.) अशा मांजराला थोड्या पिसवा चावल्या तरी खाज दीर्घकाळ टिकते. त्यातच चाटताना ते पिसवा गिळून टाकते. म्हणून ‘आमच्या मांजराच्या अंगावर एकही पिसू नाही’ हे मालकाचे म्हणणे प्रामाणिक असूनही निर्णायक मानता येत नाही. परीक्षा सोपी आहे. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाजवळचे केस विंचरावे, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावे. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती धूळ नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय.

पिसूचे आयुष्य ध्यानात घेतले की अर्धवट उपचार का फसतो हे कळते. मादी दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी मांजराच्या अंगावर न राहता गोधडीत, चटईत, फरशीच्या सांध्यांत गळून पडतात. तेथेच अळी व कोष तयार होतात, आणि कोषातील पिसू अनुकूल वेळेची वाट पाहत काही महिनेही थांबू शकते. म्हणजे अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. त्यांचा मोठा संसार घरात असतो. घरातील सर्व मांजरांना व कुत्र्यांना, ज्याच्या त्याच्या जातीचे व वजनाचे औषध, दर महिन्याला, निदान तीन महिने द्यावे लागते. मांजराचे अंथरूण गरम पाण्याने धुऊन उन्हात घालणे व कानेकोपरे झाडून काढणे हे काम त्याच्या जोडीने चालले पाहिजे. वसईची हवा वर्षभर दमट असल्यामुळे येथे पिसवांचा हंगाम असा खऱ्या अर्थाने संपतच नाही.

पावसाळ्यात या प्रश्नाला एक स्थानिक गुंता पडतो. १ जूनपासून मासेमारी बंद होते, ताजी मासळी मिळेनाशी होते आणि घरात सुका बोंबील व जवळा निघतो. नेमक्या त्याच सुमारास मांजराची खाज वाढते आणि सारा ठपका सुकटीवर येतो. परंतु त्याच दिवसांत हवेतील ओलावा वाढून पिसवाही फोफावलेल्या असतात. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या असता त्यांपैकी एकीला दोष देणे शास्त्राला धरून नाही. यासाठी क्रम ठरलेला आहे : आधी पिसवांचा पुरता बंदोबस्त, मग आहाराची परीक्षा.

आता औषधांविषयी. कुत्र्यांच्या अनेक पावडरी व मानेवर टाकण्याची काही औषधे यांत परमेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते. कुत्रा ते सहन करतो. मांजराच्या यकृतात ते निष्प्रभ करणारे एन्झाइम अपुरे असल्यामुळे मांजराला ते विषासमान ठरते. काही तासांत लाळ गळू लागते, अंग थरथरते, झटके येतात, आणि वेळेवर उपचार न झाल्यास मांजर दगावते. असे औषध चुकून लागल्यास भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाने व कोमट पाण्याने अंग धुवावे आणि औषधाचे वेष्टन सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नये. औषध लावलेल्या कुत्र्याशेजारी मांजर झोपू देणेही धोक्याचे. गोचिडांवरील अमिट्राझ, वाडीतील फवारणीची औषधे, फिनेल, रॉकेल यांचीही गोष्ट निराळी नाही, कारण अंगाला लावलेले सारे मांजर चाटून पोटात घालते. माणसाच्या पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. वेष्टनावर मांजराचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते औषध मांजरासाठी नाही, असेच समजावे. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन यांची मांजरांसाठी बनवलेली औषधे मानेच्या मागे, जिभेला पोहोचणार नाही अशा जागी टाकतात. लहान पिल्लांच्या बाबतीत तेही विचारूनच.

कानांच्या कडांपासून सुरू होऊन डोके व मान जाड खपल्यांनी भरून टाकणारी खाज बहुधा खरजेची असते. ती सूक्ष्म किड्यांमुळे होते व एका मांजराकडून दुसऱ्याला झपाट्याने लागते. माणसालाही तात्पुरते पुरळ येऊ शकते. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ साचत असेल, तर कानातील किड्यांचा संशय घ्यावा. दोन्ही विकार योग्य औषधाने बरे होतात.

गजकर्णाची बाब शिक्षकवर्गाने विशेष ध्यानात ठेवावी. हा बुरशीचा रोग असून मांजरापासून मुलांना होतो. मांजराला स्वतःला कधी खाज नसते, कधी एखादाच चट्टा असतो, कधी काहीच दिसत नाही. वर्गातील मुलाच्या हातावर वा मानेवर कडेने लाल, मध्ये निवळलेला गोल चट्टा दिसला, तर घरी मांजर आहे काय, हे विचारणे उपयोगी ठरते. मुलाला डॉक्टरांकडे व मांजराला पशुवैद्यकाकडे, असे दोन्ही उपचार एकाच वेळी झाले नाहीत तर रोग पुन्हा उलटतो. विशिष्ट दिव्याखाली केस हिरवट चमकले तर संशय बळावतो. पण न चमकल्याने रोग नाही असे ठरत नाही, बुरशीची वाढ करून पाहावी लागते आणि तिला दोन-तीन आठवडे लागतात. औषधांच्या दुकानातून आणलेले, स्टेरॉईड मिसळलेले मलम मुलालाही लावू नये, मांजरालाही नाही.

पिसवा, किडे व बुरशी यांपैकी काहीच नाही असे ठरल्यावर आहाराकडे वळावे. मांजरांना ज्या पदार्थांची ॲलर्जी आढळते त्यांत मासळी आहे, कोंबडीही आहे; वर्षानुवर्षे खाल्लेला पदार्थसुद्धा एके काळी बाधू लागतो. परीक्षा अशी : त्या मांजराने पूर्वी कधीही न खाल्लेले एकच मांस, उदाहरणार्थ बोकडाचे किंवा बदकाचे, हाडे काढून, मीठमसाला न घालता शिजवून, आठ आठवडे तेवढेच द्यावे. दूध नाही, बिस्किट नाही, बोंबलाचे डोकेही नाही. कोळीवाड्यात हे पाळणे किती कठीण आहे ते सांगावयास नको. शेजारच्या ओट्यावर मासळी साफ होत असताना मांजराला घरात कोंडून ठेवावे लागते, आणि घरातील आजीबाईंनी कनवाळूपणे टाकलेला एक तुकडा सारा प्रयोग वाया घालवतो. नव्या अन्नाला मांजर तोंड लावत नसेल तर उपासाचा हट्ट धरू नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतास गंभीर इजा होते. खाज थांबली तर जुने अन्न पुन्हा सुरू करून पाहावे. दोन आठवड्यांच्या आत ती परतली तरच निदान पक्के. नुसत्या मांसाचा हा आहार कायमचा मात्र नव्हे. मांजराला टॉरिन व इतर पोषकद्रव्ये अन्नातूनच मिळवावी लागतात. पुढील आहार पशुवैद्यकाने ठरवून द्यावा. नुसत्या दूधभातावर मांजर ठेवणाऱ्या घरांनीही याचा विचार करावा.

उरलेल्या काही मांजरांना धूळ, बुरशीचे कण, पराग यांची ॲलर्जी असते. ती समूळ जात नाही, औषधांनी काबूत राहते. स्टेरॉईडचे इंजेक्शन दिल्यावर एकदोन दिवसांत खाज थांबते, म्हणून मालक तेच पुन्हा मागतात. वारंवार दिल्यास मधुमेहाचा धोका असतो. इंजेक्शन कशाचे दिले, हे विचारण्याचा मालकास हक्क आहे.

पशुवैद्यकीय दवाखान्याला गावात अजून ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात. त्यामुळे मांजर तेथे नेता येते हे अनेकांच्या ध्यानीही येत नाही. ग्रामसभेत हे एकदा सांगितले तरी पुष्कळ काम होईल. अवघड रोगनिदानासाठी १८८६ साली परळ येथे स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय व तेथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. वसई रोडहून लोकलने प्रभादेवीस उतरून तेथे जाता येते. मांजर रस्त्यावर सोडून देणे हा मात्र उपचार नव्हे : उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे, हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे.

जाताना मांजर झाकणाच्या टोपलीत, त्याच्याच जुन्या फडक्यावर बसवावे. खाजणारे मांजर चिडलेले असते. बोचकारल्यास किंवा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन माणसाच्या दवाखान्यात जावे व रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. सोबत एक कागद असावा : खाज केव्हा सुरू झाली, अंगाच्या कोणत्या भागास, घरात आणखी कोणाला, खाण्यात काय असते, आणि आजवर काय काय लावले. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लोक संकोचाने दडवतात. रॉकेल लावले असेल तर रॉकेल असेच लिहावे.