निर्बंधांवरचं भाषण कसं ऐकावं

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, मध्यप्रदेशच्या सीमेजवळ नाकाडोंगरी आहे. वनविभागाचं परिक्षेत्र तिथं आहे, मॅंगनीजसाठी ओळखलं जाणारं डोंगरी बुजुर्ग त्याच भागात आहे, आणि लोकांच्या बोलण्यात झाडीबोलीबरोबर हिंदीही सहज येते. तिथल्या एखाद्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय आहे 'इंटरनेटवरील निर्बंध' आणि परीक्षकाच्या खुर्चीत तुम्ही बसला आहात, असं धरून चाला. हातात गुणपत्रक. त्यावर विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव आणि वेळ असे रकाने. विषय किती कळला हे तपासणं तुलनेनं सोपं. तो बोलला कसा, याला गुण देताना मात्र आपण फसतो. या विषयाच्या बाबतीत तर हमखास फसतो.

पहिला मुलगा येतो. माईक ओठांना लावतो आणि पहिल्याच वाक्याला आवाज टिपेला नेतो. मुस्कटदाबी, गळचेपी, हुकूमशाही! टाळ्या पडतात. आवाज पहिल्याच मिनिटाला एवढा चढला की पुढं चढायला जागा उरत नाही. मग सहा मिनिटं तो एकाच पट्टीत बोलतो. भोंगा कर्कश होतो, मागच्या बाकांना शेवटचे शब्द कळत नाहीत. तरीही 'आत्मविश्वास' म्हणून आपण त्याला भरघोस गुण देऊन मोकळे होतो.

माझं म्हणणं असं, की या विषयात चढा आवाज नुसता कानाला त्रास देत नाही, तो विषयच झाकतो. इंटरनेटवरील निर्बंध हा एकच प्रकार नाही. 29 जून 2020 ला केंद्र सरकारनं 59 अ‍ॅप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. गावोगावच्या पोरांनी शेतात, अंगणात केलेले व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले. तो आदेश निघाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 अ खाली. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत हिंसाचार झाला तेव्हा तिथलं इंटरनेटच बंद केलं गेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत तेच झालं. तो आदेश वेगळ्या कायद्याखालचा, दूरसंचार सेवेबाबतचा, आणि तो काढणारा अधिकारीही वेगळा. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला तर काहीच बंद केलं नव्हतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असं फेसबुकवर विचारणाऱ्या एका तरुणीला आणि तिच्या मजकुराला पसंती देणाऱ्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली होती.

एका ठिकाणी अ‍ॅप गेलं, दुसरीकडे अख्ख्या जिल्ह्याचं नेट गेलं, तिसरीकडे माणूसच आत गेला. तिन्हींना एकाच श्वासात 'मुस्कटदाबी' म्हणणारा वक्ता ऐकणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. चांगला वक्ता एका प्रसंगाकडून दुसऱ्याकडे जाताना थांबतो. दोन सेकंद पुरतात. सूर थोडा खाली येतो, गावाचं नाव स्वतंत्र उच्चारलं जातं, आणि ऐकणाऱ्याला आपोआप कळतं की आता गोष्ट बदलली. छापील मजकुरात हे काम परिच्छेद करतो. बोलताना परिच्छेद आवाजानंच पाडावा लागतो. रेडिओवर बोलताना तर हातवारेही मदतीला नसतात, म्हणून मला हे जरा जास्तच जाणवतं.

आता आकड्यांचं बघा. पालघरच्या प्रकरणात वापरलेलं, त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. त्याच निकालात 69 अ मात्र कायम ठेवलं. एक गेलं, एक राहिलं. सगळ्या विषयाचा कणा तो हाच. आणि वक्ता घाईघाईत म्हणतो, 'सिक्स्टी सिक्स ए' आणि 'सिक्स्टी नाइन ए'. भोंग्यातून दोन्ही सारखंच ऐकू येतं. तोच जर 'सहासष्ट अ' आणि 'एकोणसत्तर अ' म्हणाला, तर शेवटच्या बाकावरच्या आजोबांचाही गोंधळ होत नाही. एवढ्यावरून मी वक्त्याला गुण देईन, कारण समोर बसलेल्याला नेमकं काय ऐकू जाणार आहे याचा त्यानं आधी विचार केलेला असतो.

दुसरी कसोटी 'पण' या शब्दाशी लागते. मुंबई उच्च न्यायालयाचं कुणाल कामरा प्रकरण घ्या. सरकारी कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा हे सरकारच्याच तथ्य तपासणी कक्षानं ठरवायचं, असा नियम 2023 मध्ये आला, आणि विनोदवीर कामरा यांनी त्याला आव्हान दिलं. 31 जानेवारी 2024 ला न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मतं वेगळी पडली. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे प्रकरण गेलं, आणि 20 सप्टेंबर 2024 ला त्यांनी हा नियम घटनाबाह्य ठरवला. आता वक्ता जर विजयी सुरात ओरडला, की 'न्यायालयानं सरकारची सेन्सॉरशिप मोडून काढली!', तर टाळ्या नक्की पडतील. प्रत्यक्षात गेला तो एक नियम. मजकूर अडवण्याचा अधिकार कलम 69 अ खाली तसाच आहे. 'हा नियम गेला, पण' एवढं म्हणून जो आवाज आवरतो आणि उरलेलं वाक्य तितक्याच ठामपणे पूर्ण करतो, त्याची तयारी खरी. टाळ्यांच्या तोंडावर 'पण' म्हणायला धैर्य लागतं. टाळ्या थांबेपर्यंत थांबायला त्याहून जास्त.

उच्चारांच्या रकान्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती परीक्षकांविरुद्ध आहे. नाकाडोंगरीचा मुलगा 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणाला की आपण लगेच पेन उचलतो. का? ऐकणाऱ्याला ते कळत नाही का? गाडगेबाबा आयुष्यभर वऱ्हाडीत कीर्तन करत राहिले. समोरच्यांना प्रश्न विचारायचे, उत्तर येईपर्यंत थांबायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचायचे. हजारो माणसं त्यांना ऐकत, आणि त्यांचे 'ण' आणि 'न' मोजत कोणी बसत नसे. उलट प्रश्न विचारून थांबायची ती रीत या विषयाला फार शोभेल. 'तुमच्यापैकी कोनाचं टिकटॉक होतं?' असं विचारून जो मुलगा हात वर व्हायची वाट बघतो, तो पाठ केलेलं म्हणत नाही, समोरच्यांशी बोलतो. त्याचा 'कोनाचं' माझ्या हिशेबी बिनचूक आहे.

निर्बंधांवर बोलताना सर्वात जास्त बोलका असा एक प्रसंग मराठी माणसांच्या आठवणीत आहे, आणि तो इंटरनेटच्या आधीचा आहे. डिसेंबर 1975, आणीबाणी, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. अशा सभेत दुर्गाबाईंनी सरकारविरोधी आंदोलनाचे नेते, आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचं आवाहन केलं. ती घोषणा नव्हती आणि त्यात शिवीगाळ नव्हती. एका आजारी माणसासाठी प्रार्थना, एवढंच. सभेत कोण बसलंय, कोणती वेळ आहे आणि कोणतं नाव घ्यायची लोकांना भीती वाटतेय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढं त्यांना अटकही झाली. आजच्या गुणपत्रकावर या आवाहनाला 'हावभाव' म्हणून किती गुण पडले असते, कोण जाणे. मला वाटतं, फार नाहीत.

राहता राहिली वेळ. घंटा वाजल्यावर शेवटची तीन वाक्यं एका दमात उरकणाऱ्याचे गुण कापावेत, त्यात वाद नाही. आणखी एक करून बघा. भाषण संपलं की निकाल लिहायच्या आधी प्रेक्षकांतल्या एका माणसाला, शक्यतो ज्याच्याकडे साधा फोन आहे अशाला, विचारा: पालघरला काय झालं, अमरावतीला काय झालं? दोन्ही वेगवेगळं सांगता आलं, तर वक्ता जिंकला. 'काहीतरी बंद केलं म्हणे' असं उत्तर आलं, तर त्याच्या आवाजाचं कौतुक जरा हात राखून करा.

शिक्षक मंडळींना आणि परीक्षकांना म्हणून एकच विनंती. पुढच्या स्पर्धेत 'पानी' म्हणणाऱ्याचा गुण कापू नका. 66 अ आणि 69 अ एकाच दमात म्हणून टाळ्या घेणाऱ्याचा मात्र जरूर कापा, आणि का कापला ते त्याला जवळ बोलावून सांगा.