मुलीचं इन्सुलिन लपवू नका
(माळेगाव बुद्रुक येथे महिलांसमोर केलेलं भाषण)



माळेगावात साखर म्हटलं की कारखाना आठवतो. आज मी रक्तातल्या साखरेबद्दल बोलणार आहे.

सासूबाईंना पन्नाशीत शुगर निघते, तेव्हा डॉक्टर बहुधा मेटफॉर्मिनची गोळी देतात. त्यांच्या शरीरात इन्सुलिन असतं, पण पुरेसं काम करत नाही. दहा वर्षांच्या मुलीचा मधुमेह बहुधा वेगळा असतो, टाइप १. तिच्या शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ थांबतं. तिथे नुसती गोळी, कारल्याचा रस, उपासतापास चालत नाहीत. रोज इंजेक्शन हवंच. ते बंद केलं तर काही दिवसांत जिवावर बेततं. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी मुलं जगत नसत.

आणि आपण? 'लग्न कसं जमेल?' म्हणून मुलीचं इंजेक्शन लपवतो. मग सासरी ती चोरून घेते, नाहीतर सोडते. नीट उपचार मिळाले तर हीच मुलगी शिकते, कमावते, आईही होते. लपवण्यासारखं यात काय आहे?

बायांनो, मुलाच्या औषधाला पैसे निघतात, तसे मुलीच्याही निघाले पाहिजेत. आरोग्य केंद्रात मिळून जाऊ आणि विचारू: इन्सुलिन, सुया, तपासणीच्या पट्ट्या आहेत का? नसतील तर कधी येणार?