गारव्याची वाटणी
(अमरावती येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, 'जुन्या वास्तूंतली नवी कार्यालयं'. मी मात्र गारव्यावर बोलणार आहे. वऱ्हाडात कार्यालयाचा नकाशा मे महिना काढतो, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मुंबईपासून. मागून कुणीतरी विचारलं, 'मुंबई कायले?' सांगतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, कारण कापूस इथे होता. तो इतिहास तुम्हाला पाठ आहे. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून त्यांनी तिथं हवा ओलसर ठेवणारी यंत्रं बसवली, एवढं फक्त लक्षात ठेवा. त्याच टाटांच्या उद्योगसमूहाचं मुख्यालय म्हणजे मुंबईतलं बॉम्बे हाऊस, जॉर्ज विटेटनं आखलेलं, १९२४ सालचं. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या आराखड्यानुसार त्याचं नूतनीकरण झालं आणि २९ जुलै २०१८ला ते पुन्हा उघडलं. दगडी अंग तसंच ठेवलं, आत एकत्र बसायच्या जागा वाढवल्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीसुद्धा आत खोली केली. (हशा) हसा, पण मला ती खोली फार मोलाची वाटते. सावली कुणाकुणाला द्यायची, हे तिथं आधी ठरलं.

आता अकोल्याची गोष्ट. एका जुन्या जिनिंगच्या आवारात नवं ऑफिस थाटलं होतं. समोर काच, वर खोटं छत, झरोके बुजवलेले, साहेबांची केबिन वेगळी. मी सल्ल्यासाठी गेलो त्या दुपारी वीज गेली. अर्ध्या तासात काचेमागं भट्टी झाली. तेवढ्यात शिपाई आला, 'साहेब, इथं कायले उकडून राह्यले? मांगं या, गार हाये.' मागं सरकीचं जुनं गोदाम होतं. दोन हात जाड भिंती, चुन्याचा गिलावा, उंच कौलं. हिशेबनीस, टंकलेखिका, ड्रायव्हर, सगळे पोत्यांवर बसलेले. साहेबही बसले. माठ फिरला. तीन आठवडे अडलेला एक हिशेब ड्रायव्हरच्या एका वाक्यानं सुटला. गाडी कुठल्या दिवशी कुठं थांबली होती, ते त्यालाच ठाऊक होतं. संध्याकाळी वीज आली तरी कुणी उठेना. त्या गोदामात मी जे शिकलो, ते कुठल्याही वर्गात शिकलो नव्हतो.

'जुन्याचं प्रेम परवडत नाही,' असं इथले काही व्यावसायिक म्हणतात. मी वाडे पुजायला सांगत नाही. जाड भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते; रात्री खिडक्या उघडल्या की ते निघून जातं. आपली हवा कोरडी, म्हणून वाळ्याचा ओला ताटवा इथं काम करतो. मुंबईच्या दमट हवेत तो निरुपयोगी. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापू नका, ओल आत कोंडते. आणि सगळ्यात गार खोली साहेबांना देऊ नका. ती मधोमध ठेवा, सगळ्यांना बसायला. माणसं आपोआप एकत्र येतील. त्यासाठी वेगळी सभा बोलवावी लागणार नाही.

चिठ्ठी आली. दोनच मिनिटं उरलीत आणि अमरावतीच्या परकोटाच्या आतले वाडे राहिलेच. मग एवढंच करा. उद्या दुपारी दोनला त्याच परकोटाच्या जवाहर गेटच्या कमानीखाली पाच मिनिटं उभे राहा, नंतर काचेच्या दर्शनी भागाच्या एखाद्या इमारतीसमोर पाच मिनिटं. आणि उद्या संध्याकाळी प्रश्न घेऊन या. मी पहिल्याच रांगेत बसलेला असेन.