हापूसची जाहिरात : पहिली ५ सेकंदे

कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. तथापि परप्रांतीय आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातोच. अशा वेळी बागायतदाराची चित्रफीत हीच त्याची साक्ष. मात्र यूट्यूबवरील वगळता येणारी जाहिरात प्रेक्षक ५ सेकंदांनंतर दूर सारू शकतो. तेव्हा आरंभी सनई-चौघडा नको. झेल्याने उतरविलेले फळ, बाग आणि गाव तत्काळ दिसावे. काहीजण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून भाव व दूरध्वनी क्रमांक अक्षरांतही उमटावेत. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. जेथे पेटी पोहोचविता येत नाही, तेथे जाहिरात दाखविणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. प्रथम अल्प खर्चात दोन चित्रफिती चालवाव्यात आणि कोणतीमुळे किती पेट्यांची मागणी आली, हे रोज वहीत नोंदवावे.