गुणपत्रिकेसोबतचा कागद

एरवी या कार्यक्रमात मी तुमच्याशी कर्ज, हप्ते, नाहीतर शेळीचा विमा यावर बोलते. आज मुलींच्या कॉलेजबद्दल बोलणार आहे. पण त्याची सुरुवात झाली ती गटाच्या कर्जापासूनच.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या एका गटातल्या ताईंनी 15,000 रुपये कर्ज मागितलं. मुलगी बारावी सायन्स झालेली, बीएस्सीला प्रवेश घ्यायचा होता. फी, एसटीचा पास, पुस्तकं. बैठकीत कुणी हरकत घेतली नाही, ठराव झाला. कागद जोडायला म्हणून ताईंनी प्लास्टिकची पिशवी आणली, तर गुणपत्रिकेच्या मागे एक घडी घातलेलं इंग्रजी पत्र निघालं. मी विचारलं, "हे काय?" ताई म्हणाल्या, "काय की, गुणपत्रिकेबरोबर मिळालंय. अभिनंदनाचं असंल."

ते इन्स्पायर शिष्यवृत्तीचं पत्र होतं. वर्षाला 80,000 रुपयांची! आणि आम्ही व्याजाने 15,000 द्यायला निघालो होतो.

ही शिष्यवृत्ती केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची आहे, 2008 पासून चालू आहे. बारावीला बोर्डात वरच्या 1 टक्क्यात आलेली आणि पुढे भौतिक, रसायन, गणित, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असे मूळ विज्ञानाचे विषय घेतलेली मुलंमुली तिला अर्ज करू शकतात. इंजिनिअरिंग, डॉक्टरकी, शेतकी कॉलेज यांना ती नाही. पत्र हातात नसलं तरी त्या वर्षी आपल्या बोर्डाचे किती गुणांपर्यंत धरले ते जाहीर होतं, त्याच्याशी गुण ताडून पाहता येतात. अर्ज ऑनलाइन असतो आणि तारीख गेली की गेली.

आता खरा मुद्दा. या 80,000 पैकी 60,000 मुलीच्या खर्चासाठी. उरलेले 20,000 उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधनाचा प्रकल्प करण्यासाठी, आणि तो कुणातरी प्राध्यापकाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली करावा लागतो. शेवटी अहवाल द्यायचा, त्यावर मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र. म्हणजे नुसते गुण पुरत नाहीत, कॉलेजातल्या एका माणसाने 'या मुलीला मी शिकवतो' म्हणावं लागतं.

आणि तिथेच ही मुलगी अडली. शिष्यवृत्ती लागली, पहिलं वर्ष गेलं, सुट्टी जवळ आली, तरी ही सरांकडे जाईना. "सर कामात असतात, रागावतील," हेच. मी तिला म्हणाले, अगं, तुझी आई बँकेच्या मॅनेजरसमोर कर्जासाठी बसली, तेव्हा तिला सहीसुद्धा नीट येत नव्हती. तू सरांना घाबरतेस?

मी हे सहज म्हणाले खरं, पण मी स्वतः काय केलं होतं ते सांगायला हवं. बीए तिसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प होता. मार्गदर्शक म्हणून एका प्राध्यापकांचं नाव छापलेलं होतं. मी त्यांना दोनदा भेटले: एकदा विषय लिहून द्यायला, एकदा सहीला. मधल्या काळात मागच्या वर्षीच्या मुलीची फाइल आणून उतरवली, गावाचं नाव बदललं. एका पानावर जुन्या गावाचं नाव तसंच राहिलं. तरी गुण चांगले मिळाले. तेव्हा आनंद झाला होता. आज वाटतं, माझी फाइल कुणी उघडलीच नव्हती. वर्षभर मी एक प्रश्नसुद्धा कुणाला विचारला नाही.

या मुलीचं तसं झालं नाही, कारण तिला भेटले ते सर वेगळे होते. ती एका कागदावर चार ओळी लिहून गेली: गावातल्या विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो, ते का, हे मला तपासायचं आहे. मी तिला एवढंच सांगितलं होतं की रिकाम्या हाताने 'सर, मला विषय द्या' म्हणून जाऊ नकोस. सरांनी कागद वाचला आणि उलट तिलाच विचारलं, "कोणत्या विहिरी? पाणी कधी भरणार, उपसा झाल्यावर की आधी?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी विहिरींची यादी करून परत गेली.

पहिल्यांदा तिने थंड पेयाच्या बाटलीत पाणी नेलं, सरांनी ते ओतून दिलं. बाटली स्वच्छ हवी, ज्या विहिरीचं पाणी घ्यायचं त्याच पाण्याने आधी तीनदा खंगाळायची, वर विहीर, तारीख, वेळ लिहायची. मग प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचं, लालसर रंगाचा निळा झाला की थांबायचं आणि आकडा लिहायचा. एका नमुन्याचे तीन आकडे. एकदा दोन आकडे जुळले, तिसरा लांबच गेला. हिने तो गाळला. सरांनी वहीतली खाडाखोड ओळखली आणि म्हणाले, न पटणारा आकडापण लिहायचा, शेजारी काय झालं असेल तेही लिहायचं, पण गाळायचा नाही. मला हे फार पटलं. आपल्या गटाच्या रोकडवहीत आपण पांढरी शाई चालू देत नाही, तसंच की!

सहा-सात आठवडे ती रोज गेली. अहवालाचा पहिला खर्डा लाल शाईने भरून परत आला. माझ्या फाइलवर लाल रेघ एकही नव्हती.

आता कला, वाणिज्यच्या मुलींच्या आया म्हणतील, आमचं काय? तर नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या सगळ्याच शाखांत फील्ड प्रोजेक्ट आलेत. आमच्या बैठकीला मुली प्रश्नावली घेऊन येतात. परवा एकीने सगळ्या बायकांसमोर, शेजारी सासू बसलेली असताना, एका सुनेला विचारलं, "तुम्ही नवऱ्याला न सांगता पैसे साठवता का?" ती काय उत्तर देणार! मुलीची चूक नाही. असे प्रश्न एकटीला, परवानगी घेऊन, नाव न लिहिता विचारायचे, हे तिला मार्गदर्शकाने सांगायला हवं होतं. तिला प्रश्नावली छापून मिळाली, मार्गदर्शन मिळालं नाही. शिवाय चांगलं काम झालं तर विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा आहे, त्यात भाषा, सामाजिक विषय, वाणिज्य यांचेही गट असतात. कॉलेजातून जिल्हा, विद्यापीठ, मग राज्य.

प्राध्यापकांची बाजूही मी ऐकली आहे. एका वर्गात शंभर मुलं, जागा रिकाम्या, तासाच्या तत्त्वावर काम करणारी माणसं. खरं आहे. म्हणून तर जी मुलगी कागद लिहून दार वाजवते, तिचं काम आधी होतं.

एक गोष्ट मात्र आयांनी लक्षात ठेवावी. मार्गदर्शक सहीसाठी पैसे मागत असेल, घरची कामं सांगत असेल, मुलीला कॉलेज सुटल्यावर एकटीलाच थांबवत असेल, तर ते मार्गदर्शन नव्हे. प्राचार्यांकडे जा. छेडछाडीचा प्रकार असेल तर कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. मुलीने घरी सांगितलं की "उद्यापासून कॉलेज बंद" असं म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, तेही मार्गदर्शकाच्या हाताखाली, पण ज्या कॉलेजात त्याची सोय आहे तिथेच. तिला करायचंय. वडील म्हणतात, अजून एक वर्ष कशाला? स्थळं यायला लागलीत. ताई परवा मला म्हणाल्या, "तुम्ही सांगा त्यांना." मी म्हटलं, मी नाही, सरांनाच घरी चहाला बोलवा आणि ती लाल शाईची वही त्यांच्यासमोर ठेवा. रविवारी सर येणार आहेत. काय होतंय ते पुढच्या महिन्यात सांगते.

तोवर ज्यांच्या घरी यंदा बारावी झालीय, त्यांनी आज रात्री ती पिशवी एकदा उघडून बघा. गुणपत्रिकेच्या मागेपण बघा.